जनाबाई एवढी मोठी संत, तर दळण तिच्याच वाट्याला का?

गोदाकाठ

नमस्कार. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शाळेत मी नववीला मराठी आणि इतिहास शिकवते. गंगाखेड जवळच असल्यामुळे जनाबाईचे नाव निघाले की मुलांना घरच्या माणसाविषयी बोलत असल्यासारखे वाटते. मागच्या आठवड्यात ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’ हा अभंग मी चालीवर म्हणून दाखवला आणि प्रत्यक्ष देव दासीच्या कामाला हात लावतो, हे मोठ्या प्रेमाने समजावून सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “बाई, देव सोबत होता तर जनाबाईचं काम सुटलं का नाही?” भक्तीमुळे कामाचीच पूजा होते, असे मी म्हणाले. तिला ते पटले नाही आणि मलाही पटले नाही, कारण ती मुलगी पहाटे उठून, भाकरी थापून, लहान भावाची अंघोळ उरकून शाळेत येते, हे मला ठाऊक आहे.

शिक्षकांच्या खोलीत विषय काढला, तेव्हा एक सहकारी म्हणाले की पैठणचे सातवाहन राजे आईचे नाव लावत होते, म्हणजे आपल्या भागात स्त्रीला पूर्वीपासून मान होता, आणि ही दुरवस्था नंतरची आहे. दुसऱ्या बाईंचे म्हणणे होते की स्त्रियांच्या वाट्याला कधीच काही आले नाही, हे संतसाहित्य म्हणजे नुसती समजूत घालणे आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पंधरा वर्षांच्या मुलीला खरे काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

प्रतिष्ठान

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न चांगल्या संशोधकाला शोभेल असा आहे. मी तीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. आपल्या सहकाऱ्यांचे विधान मी या काळात अनेक व्याख्यानांत ऐकले आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावे खरी आहेत आणि त्यांचा अभिमान वाटावा हेही योग्यच आहे. परंतु ‘गौतमी’ आणि ‘वासिष्ठी’ ही त्या स्त्रियांची स्वतःची नावे नव्हेत, ती गोत्रावरून आलेली आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे नाव बलश्री होते. राजाला अनेक राण्या असत, त्यामुळे हा पुत्र कोणत्या राणीचा आणि त्या राणीचे कुळ कोणते, हे अशा नावावरून कळत असे. राज्य मात्र बापाकडून मुलाकडेच जात होते, त्यामुळे या नावांवरून मातृसत्ता सिद्ध होत नाही.

त्याहून बोलका पुरावा नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. तो शिलालेख खुद्द बलश्रीने, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी, लेण्याचे दान देताना कोरवून घेतला. मुलाच्या पराक्रमाचे एवढे विस्तृत वर्णन त्या काळच्या दुसऱ्या लेखात क्वचितच सापडते. दान देणारी ती, लेख कोरवून घेणारी ती, आणि तरीही ती स्वतःची ओळख महाराजाची माता आणि महाराजाची आजी अशी करून देते. नाणेघाटातही सातवाहन राणी नागणिकेच्या लेखात अश्वमेध-राजसूयासारख्या यज्ञांची आणि दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नावाच्या नाण्यांची लांबलचक यादी आहे, पण तिच्या स्वतःच्या वर्णनात महिना-महिना उपवास करणारी, घरात राहूनही तापसीसारखी, अशीच विशेषणे येतात. हातात संपत्ती होती, दान देण्याचा अधिकार होता, पण ओळख नवऱ्यावरून आणि मुलावरूनच होत होती. या गोष्टी एकाच दगडावर कोरलेल्या आहेत, म्हणून मुलांनाही त्या एकत्रच सांगाव्यात.

जनाबाईबद्दल एकच मुद्दा मांडतो. स्वतःला देवाचा दास म्हणवून घेणारे संत पुष्कळ आहेत, पण ‘नामयाची दासी’ या शब्दांत नम्रतेसोबत एक प्रत्यक्ष व्यवहारही आहे. परंपरेनुसार तिला लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींच्या घरी ठेवण्यात आले आणि तिचे आयुष्य तिथेच कामात गेले. त्यामुळे ‘दासी’ हा शब्द तिच्या बाबतीत केवळ अलंकार नाही.

शिऊरची लेक

माझे माहेर वैजापूर तालुक्यातले शिऊर. आमच्याकडे संत बहिणाबाईंची समाधी आहे आणि लहानपणापासून मी त्यांचे अभंग ऐकत आले आहे. त्यांचा जन्म १६२८ चा, देवगाव रंगारीचा. त्यांनी आपले आयुष्य स्वतःच अभंगांत लिहून ठेवले आहे, त्यामुळे इथे आपल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबावे लागत नाही.

कीर्तनाच्या आणि एका वासराच्या लळ्यापायी नवऱ्याने मारले, हे त्यांनी लिहिले आहे. तुकोबांना गुरू मानले म्हणून घरात काय घडले, नवरा त्यांना गरोदरपणी सोडून निघाला होता, हेही लिहिले आहे. ‘वेद हाका देती पुराणे गर्जती, स्त्रियेच्या संगती हित नोहे’ असे म्हणून त्या पुढे विचारतात की मी तर जन्मतःच बाईचा देह घेऊन आले, मग मला परमार्थाची सोय कुठे? हा प्रश्न त्यांनी ग्रंथांनाच विचारला आहे, आणि तो वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पण याच बहिणाबाई ‘भ्रताराची सेवा तोचि आम्हा देव’ असेही म्हणतात. आमच्या गावातल्या कार्यक्रमांत हाच अभंग पुढे केला जातो आणि मार खाल्ल्याचे अभंग वाचलेच जात नाहीत. शहरातल्या व्याख्यानांत पाहावे तर नेमके उलट होते. ‘वज्रसूची’ हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणून ब्राह्मण कोणास म्हणावे हे विचारणारी बाई आणि पतीला परब्रह्म म्हणणारी बाई एकच होती. जिला घर सोडून जाता येत नव्हते, तिने त्याच घरात राहून स्वतःचा गुरू स्वतः निवडला, हे मला फार मोठे वाटते. ताई, वर्गात दोन्ही अभंग शेजारी शेजारी ठेवून वाचा, मुलींना ते बरोबर कळते.

एक जोड देते. आपल्या पैठणला महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे वास्तव्य होते. स्त्रियांना त्यांनी संन्यासाचा अधिकार दिला आणि विटाळाबद्दल विचारल्यावर शरीराच्या नऊ द्वारांतून जसे इतर स्राव येतात तसाच हाही एक, असे उत्तर दिले. तेराव्या शतकातले हे उत्तर आमच्या घरी १९९० साली कोणालाही माहीत नव्हते. महिन्यातले चार दिवस मी ओसरीवर वेगळी बसत असे.

माजलगावकर

मी अभ्यासक नाही, पण जाते पाहिलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

आमच्या घरी गिरणीवरून दळण आणायला सुरुवात झाली तेव्हा मी सहा-सात वर्षांचा असेन. त्याआधी आजी आणि मोठी काकू पहाटे, कोंबडा आरवायच्या आधी, ज्वारी दळायला बसत. जात्याची वरची तळी एवढी जड असते की एकट्या बाईने पाच-सहा पायल्या दळल्या तर खांदा दुखून येतो. म्हणून समोरासमोर दोघी बसतात, खुंट्याला दोघींचा हात असतो, आणि एकीने मूठ-मूठ वैरण, म्हणजे दळायचे धान्य, घालायची असते. ज्या घरात दुसरी बाई नाही, तिथली बाई शेजारणीला हाक मारते.

आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, म्हणजे समोरची जागा रिकामी होती. परंपरा तिच्या घरातल्या माणसांची संख्या मोठी सांगते, पण समोर येऊन बसला तो देव, त्या घरातले दुसरे कोणी नाही. माझ्या दृष्टीने ही समजूत घालणे नव्हे. घरात कोणीच हात लावत नव्हते, हे तिने तक्रारीचा शब्द न काढता सांगून ठेवले आहे.

आणखी एक. गाय पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत, त्यांत आमच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही आहेत. भाऊ, माहेर, सासूचा जाच आणि पंढरपूर गाणाऱ्या त्याच जात्यावर बाबासाहेबांचे नाव आले. ज्या बायांना अक्षर लिहिता येत नव्हते, त्यांनी आपला इतिहास दळता दळता सांगितला. मुलांना या ओव्या अवश्य ऐकवा.

गोदाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. सरांच्या उत्तरावरून फळ्यावर दोन रकाने केले, एका बाजूला ‘गौतमीचा पुत्र’ आणि दुसऱ्या बाजूला ‘महाराजाची माता’ असे लिहिले, आणि कोणाची ओळख कोणावरून होते ते मुलांनाच सांगायला लावले. मग प्रत्येकाला घरच्या सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत ते पाहून यायला सांगितले. एकतीस मुलांपैकी चार जणांच्या उताऱ्यावर आईचे किंवा आजीचे नाव निघाले, आणि त्यातल्या तीन बाया विधवा आहेत. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा आहे, हे सांगितले तेव्हा वर्गातली मुले काही वेळ गप्प होती.

माजलगावकर दादा, तुमचे उत्तर मी जसेच्या तसे वाचून दाखवले. काल शाळेच्या मागे पडलेले जुने जाते शिपाईमामांनी धुऊन व्हरांड्यात मांडले. प्रश्न विचारणारी ती मुलगी आधी एकटीच ओढायला बसली, तिला तीन फेरेही पुरे करता आले नाहीत. मग तिने समोर पाहिले आणि वर्गातल्या एका मुलाला नाव घेऊन बोलावले. तो आधी इकडेतिकडे बघत राहिला आणि नंतर येऊन बसला. खुंटा कुठे धरायचा, हे तिने त्याला दाखवले.