मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या व्हीएचएस कॅसेट

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ राहतो. कपाटात व्हीएचएस कॅसेटचा ढीग आहे: काकांचं लग्न आणि आमच्या देवळातल्या जत्रेतली नाटकं. लग्नाचं एक वेळ जाऊ दे, पण नाटकांत कामं करणारी निम्मी माणसं आज हयात नाहीत.

अडचण बुरशीची. कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडेला पांढरी पूड दिसते. आपल्याकडचा पावसाळा, दुसरं काय! अशी टेप लावली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि तिथून चांगल्या कॅसेटलाही लागते, म्हणून हात लावलेला नाही. नवा व्हीसीआर विसराच. शेवटपर्यंत तग धरलेल्या जपानच्या फुनाईनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.

एक दुकानदार 'डीव्हीडी करून देतो' म्हणाला, बुरशीचं नाव काढताच हात वर केले. आणि डीव्हीडी तरी आता लावायची कशात? मला पेन ड्राइव्हवर फाइलच हवी.

पणजी, म्हापसा, मडगाव भागात टेप आधी साफ करून मग कॉपी करणारं कोणी आहे का? कुरियरने मुंबईला पाठवायला मन धजत नाही. तोवर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात उभ्या ठेवल्या तर चालेल ना?