मदत हवी आहे: लहान मेंदूत स्पर्शाची नोंद विरळ असते की दाट?

नमस्कार. पुढील आठवड्यात मला शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात लहान मेंदूवर सेमिनार द्यायचा आहे आणि तयारी करताना मी एका विसंगतीपाशी अडकले आहे.

डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स आल्बस यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, मॉसी तंतूंमधून (लहान मेंदूकडे माहिती आणणाऱ्या चेतातंतूंमधून) येणारी संवेदी माहिती संख्येने कित्येक पट अधिक असलेल्या ग्रॅन्युल पेशींवर (लहान मेंदूतील अगदी छोट्या चेतापेशींवर) पसरते, आणि त्यांपैकी एका वेळी मोजक्याच पेशी उद्दीपित होत असल्यामुळे, म्हणजेच नोंद विरळ असल्यामुळे, मिळत्याजुळत्या दोन स्पर्शांचे ठसेही वेगळे राहतात. म्हणूनच या ग्रॅन्युल पेशींकडून संदेश घेणाऱ्या मोठ्या पर्किंजे पेशीला त्यांतील एकालाच प्रतिसाद द्यायला शिकता येते. माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज लहान मेंदूत असतात व त्यांतील बहुतेक ग्रॅन्युल पेशीच असतात, हे वाचल्यावर मला ही कल्पना पटली होती. भूल दिलेल्या उंदरांवरील २००४ मधील नोंदीही तिच्याच बाजूच्या होत्या: एरवी जवळजवळ मुक्या असणाऱ्या या पेशी हवेच्या झोताचा स्पर्श होताच विद्युत्स्पंदांचा छोटा झुबका सोडत.

परंतु २०१७ मध्ये जाग्या उंदरांत आणि झेब्राफिशच्या पिलांत कॅल्शियम-चित्रण (सक्रिय पेशीत वाढणारे कॅल्शियम चमकेच्या रूपाने टिपण्याची पद्धत) केले असता ग्रॅन्युल पेशींचा बराच मोठा हिस्सा एकाच सुमारास सक्रिय आढळला, म्हणजे नोंद दाट दिसली. मग मूळ सिद्धान्तच डळमळीत झाला असे म्हणावे, की हा फरक भुलीचा आणि मोजणीच्या पद्धतीचा आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

किती पेशी सक्रिय आहेत यापेक्षा त्या एकमेकींपासून किती स्वतंत्रपणे सक्रिय होतात, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. ग्रॅन्युल पेशीला साधारणतः चारच डेंड्राइट (मॉसी तंतूंकडून संदेश घेणाऱ्या शाखा) असतात; इतक्या थोड्या तंतूंकडून माहिती मिळत असल्याने शेजारच्या दोन पेशींच्या वाट्याला वेगवेगळी मिश्रणे येऊ शकतात, आणि तसे झाल्यास नोंद दाट असूनही ठसे वेगळे राहू शकतात. शिवाय कॅल्शियमची चमक स्पंद संपल्यावरही रेंगाळते, त्यामुळे आगेमागे झालेल्या घटना चित्रणात एकत्र दिसतात. भुलीचा मुद्दाही रास्तच आहे, कारण जागा प्राणी हालत असतो आणि स्पर्शासोबत त्याच्या पायांची व शरीरस्थितीची माहितीही लहान मेंदूकडे येत असते. आपण वाचलेल्या प्रयोगात उंदीर धावत होता की स्थिर होता, आणि चित्रणाचा वेग किती होता, तेवढे कळवावे; त्यावरून नेमके सांगता येईल.