ताग गाडला तरी मका पिवळा! युरिया आत्ता देऊ की थांबू?

नमस्कार मंडळी. निफाड तालुका, काळी भारी जमीन, विहीर बागायत. दीड एकर मका, आज 26 दिवसांचा. त्यातला अर्धा एकर हिरवागार आणि उरलेला एकर पिवळा. मधली रेघ दोरी लावून मारल्यासारखी दिसते.

झालं असं, की उन्हाळ कांदा निघाल्यावर 2 मेला हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे वाढवून मातीत गाडायला, ताग फेकला. 14 जूनला ट्रॅक्टर मिळाला, तेव्हा फुलं नुकती लागत होती. विहिरीकडचा अर्धा एकर पलटी नांगराने गाडून झाला आणि पाऊस आला. मग वापसाच होईना, म्हणजे जमीन मशागतीजोगी सुकेना. 5 जुलैला शेतात पाय ठेवला तर ताग माझ्या डोक्यावर, खोडं काठीसारखी. नांगरात गुंडाळायला लागला म्हणून रोटाव्हेटर दोनदा फिरवला. 9 जुलैला सगळीकडे एकाच बियाण्याची टोकण. खत एकरी एक गोणी (50 किलो) 10:26:26, म्हणजे नत्र फक्त 10 टक्के, बस. ताग गाडलाय म्हणजे नत्राची सोय झाली, असा माझा हिशोब.

पिवळेपणा खालच्या पानांना, टोकाकडून मधल्या शिरेवरून आत सरकलेला. पोंगे (मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळ्या) तपासले, अळी किरकोळ. पाणी साचलेलं नाही. काल खुरप्याने ओळीशेजारी उकरलं तर चार बोटं खाली तागाचं खोड जसंच्या तसं, पांढरी बुरशी धरलेलं. ओढलं तर साल सुतळीसारखी सोलून आली. विहिरीकडे मात्र शोधूनही खोड सापडेना.

वडील म्हणतात रोटाव्हेटरने वाटोळं केलं. मला वाटतं चूक दिवसांची. युरिया देऊ, की ताग कुजून नत्र मोकळा होईल म्हणून थांबू?

काळीमाती: भाऊ, थांबू नका. कोवळा ताग लवकर कुजतो आणि नत्र सोडतो. जून, राठ झालेल्या खोडात नत्र कमी, कर्ब (कार्बन) जास्त. कर्ब-नत्र गुणोत्तर 25-30 च्या वर गेलं की कुजवणारे जिवाणू आधी मातीतला नत्र स्वतःला ओढतात आणि मका उपाशी राहतो. हा नत्र वाया जात नाही, अडकतो. पुढे सुटेल, पण मक्याची खरी भूक गुडघाभर झाल्यापासून तुरा येईपर्यंत असते, तेवढे दिवस तो तुमच्यासाठी थांबणार आहे का?

शिवाय हिशोब बघा. मक्याला हेक्टरी 120 किलो नत्र, म्हणजे एकरी 48. तुमच्या गोणीतून गेला फक्त 5. पेरणीलाच तिसरा हिस्सा, 16, जायला हवा होता. आता कोळपणी (ओळींमधली माती कोळप्याने हलवणं) करून ओलीवर एकरी 35 किलो युरिया ओळीच्या बाजूने द्या आणि मातीआड करा. पोंग्यात पडू देऊ नका. पुढचा हप्ता 40-45 दिवसांनी, तेव्हा पानं बघून ठरवा. हिरव्या तुकड्याला आत्ता निम्मा पुरे.

येवलेकर: वडिलांचंही थोडं खरं आहे हो. रोटाव्हेटरने सगळं वरच्या चार-पाच इंचात कालवलं, कोवळी मुळंही तिथेच. पण 14 जूनला रोटाव्हेटर मारला असता तरी मका हिरवाच दिसला असता. गाडणी आणि पेरणीत तुमच्याकडे एकीकडे 25 दिवस गेले, दुसरीकडे 4. आमच्याकडे ताग 45 दिवसांच्या पुढे जाऊ देत नाही, वापसा नसला तर विळ्याने कापून पाडतो. मजुरी जाते, पण खोड जून होत नाही.

धागाकर्ता: दादा, दोघांचे आभार. 5 किलोचा हिशोब वाचून कपाळावर हात मारला. उद्या कोळपं चालवून युरिया देतो. पिवळ्या भागात चार ओळी मुद्दाम बिनयुरियाच्या ठेवायच्या म्हणतोय, अडकलेला नत्र कधी सुटतो ते कळेल. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, त्या चार ओळींवरून घरात वाजणार. तुरा आल्यावर फोटो टाकतो.