पक्षाच्या आतल्या निवडणुका, प्रचाराची पत्रकं आणि ती तपासणारी माणसं: तुमचे अनुभव सांगा

महालची लेक

आईला आता जिने चढवत नाहीत, म्हणून तिला आमच्याकडे आणलं आणि परवा नागपुरात महालातलं घर आवरायला गेले. बाबांच्या कपाटात वरच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत लाखेच्या कांड्या, अर्धी मेणबत्ती, सुतळीचं गुंडाळं आणि पितळी शिक्का. झाकण उघडलं तसा तो वास आला आणि मी तिथेच फरशीवर बसले.

बाबा इतवारीत ठोक दुकानात मुनीम होते. ज्या पक्षाचं काम आयुष्यभर केलं त्याचं नाव लिहीत नाही, बाबांना ते आवडलं नसतं. पद कधी घेतलं नाही. पण पक्षाच्या संघटनात्मक निवडणुका आल्या की शहराच्या निवडणूक समितीत तिघांपैकी एक बाबा असायचेच. सदस्य नोंदणीची पावतीपुस्तकं परत यायची, रात्री जेवणं झाली की चटईवर पसरायची. एकाच शाईत, एकाच वळणाच्या चाळीस सह्या दिसल्या की बाबा कोपऱ्यात बारीक फुली मारायचे आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर त्या पत्त्यांवर जाऊन यायचे. माणूस आहे का, त्याला आपण सदस्य झालोय हे माहीत आहे का. मग कच्ची यादी कार्यालयाच्या ओसरीत टांगायची, हरकती घ्यायच्या, मग पक्की यादी, अर्ज, छाननी, माघार. मोठ्या निवडणुकीत होतं ते सगळं, फक्त पोलीस नाहीत आणि पगार नाही.

प्रचाराचा नियमही होता. पक्षाचं चिन्ह, लेटरहेड, नेत्याचा फोटो पत्रकावर वापरायचा नाही, कारण ते दोन्ही उमेदवारांचं सारखंच. छापायच्या आधी मजकूर समितीला दाखवायचा.

मी नववीत होते. बाबांचे जिवलग मित्र वॉर्डाच्या अध्यक्षपदाला उभे होते. त्यांनी न दाखवता पाचशे पत्रकं छापून आणली, वर पक्षाचं लेटरहेड आणि खाली एका पदाधिकाऱ्याच्या सहीने "यांनाच निवडून द्या". काका ओसरीत उभे, गठ्ठा काखेत. बाबा एवढंच म्हणाले, "हे वाटता येणार नाही." काकांनी गठ्ठा ठेवला आणि चहा न घेता गेले. बाबांनी त्याच रात्री त्याला सुतळी बांधली, लाख वितळवून शिक्का मारला, आणि आम्हाला म्हणाले, याला हात लावायचा नाही. काका अकरा मतांनी पडले.

इतक्या वर्षांत बाबांसारख्या माणसांबद्दल कुठे चार ओळी वाचल्या नाहीत. तुमच्यापैकी कोणी असल्या समितीत बसलंय का? घरातलं कोणी? लिहा नं.

नंदनवनचा

ताई, लाखेचा वास वाचूनच आला. आमच्या आजोबांची चिमटी कायम भाजलेली असायची.

मीडियासेलवाला

आमच्या वेळेस लाख नव्हती, व्हॉट्सअॅप होतं. लोकसभा २०२४, आपल्याकडे पहिल्याच टप्प्यात १९ एप्रिलला मतदान. पक्षाची पाच जणांची प्रचार तपासणी समिती: एक वकील, एक हिशेबनीस, एक निवृत्त मराठीच्या बाई, एक जुने कार्यकर्ते आणि मी. टीव्ही, केबल, रेडिओ किंवा सोशल मीडियावरची राजकीय जाहिरात आधी निवडणूक आयोगाच्या एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि देखरेख समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. टीव्हीवरच्या जाहिरातींबद्दल सुप्रीम कोर्टाचा आदेश २००४ चा, सोशल मीडिया नंतर आला. नोंदणीकृत पक्ष किंवा उमेदवार असेल तर प्रक्षेपणाच्या किमान तीन दिवस आधी अर्ज, जाहिरातीच्या दोन प्रती, सोबत साक्षांकित संहिता, तयार करायला किती खर्च आला तो आकडा. म्हणजे आमच्या पाच जणांकडे त्याच्याही आधी यायला पाहिजे. आणि येते केव्हा, तर रात्री साडेअकराला. "दादा, सकाळी लावायची आहे."

बाई फार कडक. "प्रगतिपथावर" ऐवजी "प्रगतीपथावर" असं लिहिलं की परत. एका रीळमधे मंदिराचा कळस दिसत होता, दोन सेकंद. वकील म्हणाले काढा, धर्माच्या नावाने मत मागितल्याचा अर्थ निघतो. उमेदवाराच्या घरच्या एकाने ती जुनी रीळच पैसे भरून चालवून टाकली, प्रमाणपत्राशिवाय. नोटीस आली. खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला. त्या रात्री बाई रडल्या. मी त्यांना घरी सोडायला गेलो तर म्हणाल्या, मी मुलांच्या वह्या तपासल्या चौतीस वर्षं, असं कधी कोणी केलं नाही माझ्याशी.

खामल्याची सून

बाईंना नमस्कार सांगा 🙏 कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

प्रेसवाली

गांधीबागेत आमचा छापखाना आहे. सासऱ्यांपासून. निवडणुकीत पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ लागते. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. छापायला आणणाऱ्याने सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित करायचं, आणि छापल्यावर त्याची नि पत्रकाची प्रत आम्ही जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवायची. हे माझ्या नवऱ्याने शाईच्या डब्ब्यावर चिकटवून ठेवलं आहे.

एकदा रात्री दहाला दोन पोट्टे पेन ड्राइव्ह घेऊन आले. समोरच्या उमेदवाराच्या घरच्या बाईबद्दल वाईटसाईट. नाव नाही टाकायचं म्हणाले, तिप्पट पैसे देतो. घरात लेकीची फी भरायची होती. नवरा माझ्याकडे बघून राहिला, मी त्याच्याकडे. मीच म्हटलं, कोणत्या पक्षाचे तुम्ही, तुमच्या समितीची सही आणा मग छापतो. पोट्टे गेले ते आलेच नाहीत. ताईंच्या बाबांसारखी माणसं त्या पक्षात असतील म्हणूनच सहीचं नाव काढल्यावर पळाले, असं मला अजून वाटते.

महालची लेक

ताई, तुमच्या दोघांच्या पाया पडावंसं वाटतंय. फी भरली गेली नं मग?

प्रेसवाली

भरली नं. लग्नपत्रिकांचा सीझन आला लगेच. लेक आता फार्मसीत आहे.

तर्रीप्रेमी

महालातल्या कोणत्या गल्लीत घर ताई? आमचे मामा तिकडेच. मत मोजायला बसायचे तर सकाळी सहाला पोहे-तर्री बांधून न्यायचे सगळ्यांसाठी, विरोधी गटाच्या पोलिंग एजंटला पण. एकाच पातेल्यातून.

नंदनवनचा

आता तशी तर्री कुठं भेटते भाऊ. नुसतं लाल पाणी.

तर्रीप्रेमी

भेटते. रविवारी सकाळी चला माझ्यासोबत, दाखवतो.

मानेवाड्याची

२०१७ ची महापालिकेची निवडणूक कोणाला आठवते? २१ फेब्रुवारी. ३८ प्रभाग, १५१ जागा, एक प्रभाग सोडून सगळे चार-चारचे. म्हणजे एका बाईने आत जाऊन चार वेळा बटण दाबायचं. मी प्रभागाच्या प्रचार समितीत होते आणि आमच्या समितीचं मुख्य काम हेच झालं की लोकांना हे समजवायचं कसं. वरून आलेल्या पत्रकावर चार गुळगुळीत चेहरे आणि खाली चिन्ह, बस. मी म्हटलं हे चालणार नाही. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची फिकी गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी, ते रंग पत्रकावर पाहिजेत. दोन दिवस वाद चालला. छपाई महाग पडते म्हणे. मग मी घरून पोरीचे क्राफ्टचे कागद नेले, चार पट्ट्या कापल्या, जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि बचत गटाच्या बैठकीत ठेवलं. एक आजी बोट लावत लावत गेल्या, पांढरं, गुलाबी, पिवळं, आणि निळ्यावर थांबून म्हणाल्या, "हे शेवटचं दाबलं नाही तर होत नाही का माई?" समितीचे दोघं मागे उभे होते, त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी रंगीत पत्रक मंजूर.

खर्चाचे चार भाग करून चारही उमेदवारांच्या खात्यात लिहायचे, ते पण आम्हीच करायचो. मांडव, ऑटो, भोंगा, चहा. चहाचे भाग करताना हिशेबनीस दादांचा जीव जायचा.

वकिलीण, सदर

थोडं कायद्याचं. पक्षाच्या आतल्या निवडणुकीचे कागद म्हणजे औपचारिकता, असं खूप जणांना वाटतं. पण १७ फेब्रुवारी २०२३ चा शिवसेनेबाबतचा निवडणूक आयोगाचा आदेश वाचा. पक्षाची घटना काय, तिच्यातल्या दुरुस्त्या आयोगाकडे दिल्या का, पदाधिकारी निवडून आले की नेमले, हे सगळं त्यात निघालं. निकाल कोणाला पटो न पटो, नाव आणि चिन्हाचा वाद त्या कागदांपर्यंत गेला. भाजपच्या घटनेत निम्म्या राज्यांच्या संघटनात्मक निवडणुका झाल्याशिवाय राष्ट्रीय अध्यक्षाची निवडणूक घेता येत नाही. म्हणजे खाली कुठेतरी कोणीतरी यादी टांगलेली असतेच. माझ्याकडे अशिलं येतात तेव्हा पहिलं विचारते, सभेचं इतिवृत्त कुठाय? नव्वद टक्के वेळा मान खाली.

डेलिगेटचा भाऊ

मोठे भाऊ २०२२ ला काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत, खर्गे विरुद्ध थरूर, डेलिगेट म्हणजे मत देणारे प्रतिनिधी होते. १७ ऑक्टोबर. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला गेले मत द्यायला, स्वेटर घेऊन, मुंबईत स्वेटर! वहिनीने भरून दिला. क्यूआर कोडचं ओळखपत्र गळ्यात घालून घरी पण फिरत होते दोन दिवस. मधुसूदन मिस्त्रींच्या अध्यक्षतेखालचं पक्षाचं केंद्रीय निवडणूक प्राधिकरण होतं, त्यांनी नियम काढला की सरचिटणीस, प्रदेशाध्यक्ष, प्रवक्ते यांना कोणाचा प्रचार करायचा तर आधी पदाचा राजीनामा द्या. पहिले मतपत्रिकेवर नावापुढे १ लिहायचं होतं. थरूर यांच्या बाजूने हरकत गेली की १ पाहून लोक पहिल्याच नावापुढे, म्हणजे खर्गेंच्या, लिहितील, मग बरोबरची खूण करायचं ठरलं. आक्षेप एवढासा, पण समितीने ऐकला. थरूर त्या प्रचाराच्या सुरुवातीला आपल्या दीक्षाभूमीवर आले होते, भाऊ दुरून बघून आले. निकाल १९ ला, खर्गे ७८९७, थरूर १०७२, बाद ४१६. भाऊंनी कोणाला दिलं ते आजपर्यंत वहिनीलाही सांगितलं नाही.

खामल्याची सून

चारशे सोळा बाद?? एवढ्या निवडक लोकांत?

डेलिगेटचा भाऊ

हो नं. भाऊ म्हणतात गडबडीत होते. त्यांनी स्वतः पेन तीनदा पुसून मग खूण केली.

आजोबा, धंतोली

माझे वडील सांगत, डिसेंबर १९२० चं काँग्रेसचं अधिवेशन इथे नागपुरात झालं, अध्यक्ष विजयराघवाचारी. पक्षाची नवी घटना इथेच मंजूर झाली. चार आणे वर्गणी, भाषेवार प्रांतिक समित्या, वर पंधरा जणांची कार्यकारिणी. वर्गणी भरलेल्याला मत आणि मतासाठी यादी, ही रीत तेव्हापासून गावोगाव गेली. ताई, तुमच्या वडिलांची चटई त्याच रांगेतली. मोतीबिंदूमुळे जास्त टंकता येत नाही.

महालची लेक

आजोबा, हे बाबांना वाचून दाखवता आलं असतं तर. डोळ्यांची काळजी घ्या, ऑपरेशन कधी आहे?

खामल्याची सून

आता सविस्तर. मी २०२४ ला बूथवर होते. केंद्रापासून दोनशे मीटर दूर एक टेबल, दोन खुर्च्या. मतदाराला द्यायची चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची, उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही. आमच्या समितीतल्या काकूंनी आदल्या रात्री सगळे गठ्ठे तपासले होते, तरी एका पॅडवर कोपऱ्यात चिन्ह छापलेलं सापडलं. पहाटे. मी आणि काकू बसून कोपरे कात्रीने कापत होतो, तीनशेच्या वर असतील. एप्रिलचं ऊन, अकरा वाजता टेबल चटके देऊ लागलं, काकूंच्या अंगठ्याला कात्रीचा फोड. कोणाला कळलं पण नसतं, असं एक पोरगा म्हणाला. काकू त्याच्यावर इतक्या ओरडल्या की बाजूच्या पक्षाच्या टेबलवरचे दचकले. मग त्यांनीच माठातलं पाणी आणून दिलं आम्हाला.

मीडियासेलवाला

काकू कोणत्या बूथच्या हो? आमच्या बाईंची आणि त्यांची भेट घडवली पाहिजे.

प्रेसवाली

महालच्या ताई, त्या काकांचं पुढे काय झालं? रात्रभर तेच मनात घोळून राहिलं.

महालची लेक

आज सकाळी आईला विचारलं. मला आठवत होतं की काका यायचे बंद झाले, पण पुढचं माहीत नव्हतं. आई म्हणाली, दोन वर्षं आले नाहीत. रस्त्यात दिसले तर बाबा सायकलवरून उतरायचे, काका बाजूने निघून जायचे. मग आजी गेली तेव्हा आले, खांदा दिला, बोलले काही नाही. पुढच्या निवडणुकीच्या वेळी समितीत तिसरा माणूस हवा होता. बाबांनी काकांचं नाव सुचवलं, म्हणे सगळे गप्प झाले. काका आले. पहिल्या बैठकीला येताना इतवारीतून लाखेचा पुडा घेऊन आले आणि न बोलता बाबांपुढे ठेवला. आई म्हणते, डब्यात आहेत त्या कांड्या त्यातल्याच उरलेल्या.

काका आता नाहीत. त्यांच्या लेकाला फोन लावलाय, उद्या अर्ध्या कांड्या त्याला देऊन येते.

तर्रीप्रेमी

डोळे भरले ताई. नंदनवनभाऊ, रविवारी साडेसातला या नक्की, उशीर केला तर तर्री संपते.