पुस्तकाची छपाई-बाइंडिंग: आधी काय ठरवावं?

प्रश्न: डेमी आकार (साधारण साडेपाच × साडेआठ इंच), मराठी मजकूर, २०४ पानं, ५०० प्रती. छपाई ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, तीही जुलैत. फाइल देण्याआधी काय नक्की करावं?

उत्तर १: आधी पानं १६ च्या पटीत आणा. एकत्र छापून दुमडलेली १६ पानं म्हणजे एक फॉर्म; २०४ म्हणजे बारा फॉर्म आणि वर १२ पानं. तो अर्धवट फॉर्म उगाच महाग पडतो. २०८ करा, नाहीतर मजकूर आवळून १९२. १९२ ला २३×३६ इंची कागदाचे प्रतिपुस्तक सहा ताव (एका मोठ्या तावात दोन्ही बाजू मिळून ३२ पानं), म्हणजे ५०० प्रतींना ३,००० ताव, सहा रीम (एक रीम म्हणजे ५०० ताव). वेस्टेज (वाया जाणारा कागद) वेगळं धरा, तेही बाइंडरला विचारूनच.

उत्तर २: कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला (पानं बांधलेल्या कडेला) समांतर हवा, म्हणजे २३×३६ मध्ये ३६ च्या बाजूने. आडवा आला की पुस्तक उघडं राहत नाही आणि कण्याजवळ पानं लाटांसारखी होतात. पावसाळ्यात तर हमखास! रीम आदल्या दिवशीच प्रेसमध्ये आणून ठेवा, पण पॅकिंग छपाईच्या वेळीच फोडा.

उत्तर ३: कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. त्याच कागदाची तेवढ्याच पानांची कोरी डमी (नमुना पुस्तक) बांधून घ्या, मोजा, मगच कव्हर बनवा. आतला समास १८-२० मिमी, ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमी. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा (फाइलमध्येच सामावून घ्या) आणि ‘ऱ्या’, ‘र्‍हा’, ‘द्ध’ छापील प्रूफवर (तपासणीच्या प्रतीवर) तपासा. स्क्रीनवर चुका निसटतात. ग्रंथालयासाठी असेल तर नुसतं परफेक्ट बाइंडिंग (पानं फक्त गोंदाने चिकटवलेलं) नको, सेक्शन शिलाई (दुमडलेले फॉर्म दोऱ्याने शिवणं) सांगा.