हिग्जचं वस्तुमान समीकरणात हाताने का घालायचं?

रंकाळाकाठ: स्टँडर्ड मॉडेल म्हणजे मूलकणांचा आजचा मान्य सिद्धांत, आणि हिग्ज हा इतर मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण. या मॉडेलच्या मूळ समीकरणात एकक असलेली संख्या एकच, हिग्जच्या वस्तुमानाची. बाकी कप्लिंग (कण एकमेकांवर किती जोराने परिणाम करतात ते सांगणाऱ्या संख्या) म्हणजे निव्वळ आकडे. ते एक पद काढलं, की मोजपट्टी ताणा वा आखडा, क्वांटम दुरुस्त्या येईपर्यंत समीकरण तेच राहतं. हीच स्केल सिमेट्री, म्हणजे मोजपट्टीची सममिती. माझं ठाम मत आहे की सुरुवात इथूनच करावी. क्वांटम परिणामांतूनच वस्तुमान उगवू शकतं हे सिडनी कोलमन आणि एरिक वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दाखवलंय. प्रोटॉनच बघा ना. त्याच्या ९३८ एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) वस्तुमानापैकी आतल्या क्वार्क कणांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा अगदी किरकोळ, बाकीचं त्यांना बांधणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं. आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलसोबत १९६४ मध्ये मांडलेलं गुरुत्वाकर्षणही असंच, जागोजागी मोजपट्टी बदलली तरी टिकणारं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली: भावा, प्रोटॉनचं पटलं, हिग्जचं नाही. ही क्वांटम परिणामांची युक्ती जुन्या, म्हणजे स्टँडर्ड मॉडेलला लावली तर हिग्ज १० जीईव्हीच्या (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) आसपास यायला हवा होता. २०१२ मध्ये सापडला तो १२५ चा. त्यात सगळ्यात जड मूलकण, टॉप क्वार्क, १७३ जीईव्हीचा. त्याचा परिणाम उलट्या चिन्हाचा आणि इतका जबर, की सगळा हिशेबच कोसळतो. मग सावरायला नवं स्केलर क्षेत्र (हिग्जसारखंच, दिशा नसलेलं), नवा बोसॉन (बल वाहणारा कण), त्यांची नवी कप्लिंग. एक आकडा वाचवायला चार घातले!

रंकाळाकाठ: पण न्यूट्रिनो या अतिशय हलक्या कणांना वस्तुमान आहे, त्यासाठी काहीतरी नवं लागणारच आहे. बी-उणे-एल (बॅरिऑन संख्या वजा लेप्टॉन संख्या) या सममितीवर उभ्या मॉडेलमध्ये तेच नवं स्केलर उजव्या न्यूट्रिनोंनाही (न्यूट्रिनोंचे अजून न सापडलेले जोडीदार) वस्तुमान देतं. एकाच क्षेत्रात दोन कामं होतात, ती उधळपट्टी कशी?

एमएस्सी_दुसरं_वर्ष: दादा, मला यातली तपासता येणारी बाजू जास्त मोलाची वाटते. नवं स्केलर हिग्जमध्ये मिसळलं तर हिग्जची कप्लिंग थोडी घटतात. आजवरची मोजमापं जुन्या मॉडेलशी जुळतायत, त्यामुळे मिसळण फार असू शकत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच मॉडेलांत विश्वाच्या सुरुवातीचं, कणांना वस्तुमान मिळतानाचं स्थित्यंतर पाण्याला उकळी फुटावी तसं, बुडबुड्यांनी होतं. त्यातून उठलेल्या गुरुत्वीय लहरी लिसा या अंतराळातल्या वेधशाळेला दिसू शकतील. ती मोहीम २०३५ च्या सुमारास निघणार आहे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली: दिसल्या तर मी मान्य करेन. पण गुरुत्वाकर्षणाची स्वतःची ऊर्जेची पट्टी १०^१९ जीईव्हीची, स्केल सिमेट्री मानली तर ती कुठून आणणार? नारळीकरांच्या सिद्धांतात योग्य मोजपट्टी निवडली की आइनस्टाइनची समीकरणं मिळतात, हे खरं. पण क्वांटम परिणाम धरल्यावर ती सममिती टिकते का? माझा आक्षेप तिथं आहे, आणि त्यावर तू अजून बोललेला नाहीस.