विषय: गणपतीच्या स्टॉलसाठी कोकणातला माल बोटीने आणायचा का?

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीत खाऊचा स्टॉल लावायचं ठरतंय. आमरसाचे डबे, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, आंबापोळी, काजू, शिवाय गुहागरकडच्या एका बचत गटाचं मेतकूट आणि चिवडा असं डोक्यात आहे. कुरिअरचे भाव ऐकून खजिनदारांनी हात टेकले. बोटीने मागवलं तर परवडेल ना? रत्नागिरीच्या काकांची हयात न्हावा-शेवा बंदराच्या कागदपत्रांत गेली आहे. काका, जरा सांगाल का?

प्रेषक: काका, रत्नागिरी

सचिवबाई, सप्रेम नमस्कार.

बोटीचं भाडं स्वस्तच असतं, महाग पडतं ते भाड्याच्या आगेमागचं. माझ्या खिडकीतून भगवती बंदर दिसतं, पण तुमच्या पेट्या आधी ट्रकने मुंबई-गोवा रस्त्याने न्हावा-शेव्याला जाणार. (त्या रस्त्याबद्दल बोलायला वेगळी मेलिंग लिस्ट काढावी लागेल.) तुमचा माल काही अख्खा कंटेनर भरणार नाही, म्हणजे एलसीएल, चार जणांच्या मालात आपल्याही पेट्या. तिथे दर घनमीटरला किंवा टनाला, जे जास्त भरेल त्यावर. आमरसाचे डबे वजन खातात, चिवडा जागा खातो. एजंट फोनवर सांगतो तो दर बहुतेक वेळा बंदर ते बंदर असतो. पुढे कंटेनर रिकामा करणं, गोदाम, क्लिअरन्स, ट्रक हे सगळं तुमच्याकडे डॉलरमध्ये, आणि थोडक्या मालाला ते मूळ भाड्याच्याही वर जाऊ शकतं. कोटेशन दारापर्यंतचं मागा, तेही लेखी.

मला खरी काळजी कागदांची आहे. माल बनवणारा कारखाना तिकडच्या अन्न-औषध खात्याकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदलेला हवा आणि त्याचा अमेरिकेत एजंट हवा. ही नोंदणी दर दोन वर्षांनी, सम सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, नव्याने करावी लागते. म्हणून ‘नोंदणी आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘चालू आहे का’ ते विचारा. न्हावा-शेव्याला माल बोटीवर चढण्याच्या २४ तास आधी आयएसएफ, म्हणजे अमेरिकी कस्टम्सला मालाची आगाऊ माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो, तो चुकला तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. बोट पोचायच्या किमान ८ तास आधी एफडीएला आगाऊ सूचना द्यावी लागते. आणि माल बनवणाऱ्याची पडताळणी करायची जबाबदारी आयातदाराची, म्हणजे मंडळाची. खजिनदार सही करणार आहेत का, हे आधी विचारून घ्या.

बचत गटाच्या बायका मेतकूट झकास करतात, पण घरच्या चुलीवर. घरी करून भेट म्हणून पाठवलेल्या पाकिटाला आगाऊ सूचनेतून सूट आहे. स्टॉलवर विकायला घेतलं की ती भेट राहत नाही. त्यांनी एखाद्या नोंदलेल्या युनिटमध्ये पॅकिंग करून घेतलं तर गोष्ट वेगळी, पण यंदा तेवढा वेळ नाही.

चिवडा आणि लाडू तिकडेच करा. डेकवरच्या कंटेनरात उन्हाचा पारा पन्नाशीच्या वर चढतो, तेलातुपाचा पदार्थ आठवडेच्या आठवडे त्यात राहिला की खवट. शिवाय रात्री गारवा पडला की कंटेनरच्या छताला घाम सुटून पेट्यांवर ठिबकतो, म्हणून आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. आमरस, काजू, कुळीथ पीठ टिकेल. आगळ तर मिठातलंच, ते कुठेही जाईल, फक्त झाकणाखाली फॉइलचं सील हवं. गळक्या आगळाची एक पेटी मी गोदामात पाहिली आहे. शेजारच्या पापडांच्या पेट्या जांभळ्या, आणि पापडवाला लालबुंद.

ओल्या काजूगरांची किंवा फणसाची डबाबंद भाजी यादीत घुसडू नका. आमरस मुळात आंबट, पण पीएच ४.६ च्या वर असलेल्या, म्हणजे कमी आंबट, ओल्या डबाबंद पदार्थाला डबे तापवून निर्जंतुक करण्याच्या प्रक्रियेचीही एफडीएकडे वेगळी नोंद लागते.

डब्यावर नुसतं ‘मँगो पल्प’ असेल तर आत तोतापुरीही निघेल. कोकणच्या हापूसला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला आहे, घेताना नाव वाचून घ्या.

प्रेषक: एडिसनची वहिनी

काकानु, सुक्या बांगड्याचां काय? स्टॉलवर सगळ्यात आधी तोच खपतलो.

प्रेषक: काका, रत्नागिरी

वहिनी, खपेल हो, पण आधी पोचायला हवा. पाच इंचांहून मोठा सुका मासा पोट साफ न करता सुकवला असेल तर बोट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) भीतीने एफडीए आत घेत नाही. वर मासळीच्या कारखान्याला त्यांचे हॅसपचे, म्हणजे अन्नसुरक्षेचे, नियम. आपल्याकडे वाळूवर वाळत घातलेला बांगडा यात बसत नाही. तुम्ही सोलकढी करा, रांग तिथेही लागेल.

प्रेषक: सचिव

काका, म्हणजे मागवूच नये का?

प्रेषक: काका, रत्नागिरी

मागवा, पण स्वतः आयातदार होऊ नका. तुमच्या भागात भारतीय किराण्याचे घाऊक व्यापारी आहेत, त्यांचे कंटेनर कायम येत असतात. आपली ऑर्डर त्यांच्या कंटेनरात घाला. चार पैसे त्यांना सुटतील, पण नोंदणी, कस्टम्सचा हमीचा बाँड, पडताळणी सगळं त्यांच्याकडे तयार असतं. माझ्या मते मंडळाच्या आवाक्यातली हीच एक वाट.

आता वेळेचं. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हापासून वेळापत्रकाचा भरवसा नाही. आफ्रिकेच्या टोकाचा, केपचा वळसा पडला की दहा-पंधरा दिवस वाढलेच. एलसीएलला कंटेनर भरेपर्यंतची वाट वेगळी. त्यामुळे सप्टेंबरातल्या गणपतीसाठी माल जूनच्या सुरुवातीलाच निघायला हवा, आणि तेव्हा इकडे पाऊस लागतो. कोपरा मऊ पडलेला खोका ट्रकमध्ये चढवायचाच नाही, वरच्या डब्यांच्या भाराने तो बसतो. आमरस बहुतेक मागच्या हंगामाचाच मिळेल, कारण मेमध्ये भरलेले डबे फुगतात का ते बघायला कारखाना काही दिवस ठेवून घेतो. त्यात वावगं काही नाही, फक्त तारीख बघून घ्या.

लाकडी पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का हवा. कीड मारायला ५६ अंशांवर अर्धा तास भाजलेल्या लाकडाची ती खूण, नसेल तर बंदरात अडवतात.

आणि लेबल इंग्रजीत, वजन ग्रॅममध्ये आणि औंसातही. काजू तर ॲलर्जीच्या यादीत आहेच, २०२३ पासून तीळही आहेत. बाजारी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, तेही लिहावं लागतं, आणि लोणच्याच्या पाकिटावर नेमकं तेच राहून जातं. व्यापारी ठरला की लेबलांचे फोटो पाठवा, मी बघून देतो. मागची बाजू पाठवा, पुढच्या आंब्याच्या चित्राचा मला उपयोग नाही.